भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावरचा माणूस

महाकालेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या गोमंतकीय व कोकणी यात्रेकरूंना उज्जैनचा फ्रीगंज भाग अपरिचित नाही. टॉवर चौकाभोवतीच्या या बाजारात रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरलेले एखादे काका औषधांच्या दुकानात शिरतात, रिकामे पाकीट पुढे करतात आणि गल्ल्यावरचा मुलगा तसेच दिसणारे दुसरे पाकीट काढून देतो. गोळी तीच की नुसती नावासारखी, कालची चुकली म्हणून आज दोन घ्यावयाच्या काय, हे ना काका विचारीत, ना तो मुलगा सांगत. ज्याने सांगावयाचे त्याचे प्रमाणपत्र मात्र देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत विराजमान असते! एकट्या फ्रीगंजला बोल लावण्याचे कारण नाही. म्हापसा, मडगाव, रत्नागिरी येथेही याहून निराळे चित्र क्वचितच दिसेल.

वस्तुतः डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. २०१५ च्या नियमावलीने तर रुग्णास औषधाची मात्रा, दुष्परिणाम व साठवण समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरविले. म्हणजे फार्मासिस्टची भूमिका विस्तारावी, ही मागणी नवी नाही. कागदावर ती केव्हाच विस्तारली आहे.

कागद आणि गल्ला यांमधील अंतराची किंमत कोण मोजतो? २०२५ मध्ये याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा व आसपासच्या भागांत खोकल्याचे विषारी औषध पोटात जाऊन वीसहून अधिक बालके दगावली. बाटलीतील विष कोणत्याही फार्मासिस्टच्या डोळ्यांना दिसले नसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो दोष कारखान्याचा आणि तपासणीचा. परंतु सर्दीखोकल्याच्या त्या जातीचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. तो आईच्या कानी घालण्यास गल्ल्यावर जाणता माणूस हवा होता.

फार्मासिस्ट उद्या डॉक्टर होऊन बसेल, ही वैद्यवर्गाची भीती अगदीच अनाठायी नाही. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके देणारी दुकाने आम्ही पाहिली आहेत. पण त्यावर उपाय फार्मासिस्टला मुका ठेवणे हा नव्हे. रोगनिदान त्याने करू नये. रक्तदाब मोजावा, दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतील औषधांचा विरोध हेरावा आणि शंका आल्यास डॉक्टरांना दूरध्वनी करावा. क्षयरुग्णांची नोंद कळविण्याची जबाबदारी २०१८ पासून औषधविक्रेत्यांवर आहेच. जो नोंद कळवू शकतो, तो रुग्णास औषध मध्येच न सोडण्याविषयी बजावू शकणार नाही काय?

खरी अडचण पैशाची आहे. दुकानदाराला नफा विकलेल्या पाकिटावर मिळतो, दिलेल्या सल्ल्यावर नाही. साहजिकच केवळ प्रमाणपत्र भाड्याने घेणे त्याला परवडते. सल्ल्याचे माफक शुल्क ठरवून ते सरकारी आरोग्य योजनांतून दिल्याखेरीज हा व्यवहार बदलणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोमंतकात १८४२ पासून वैद्यकीय विद्यालयात औषधशास्त्र शिकविले जात असे आणि मुक्तीनंतर लगेच, १९६३ मध्ये, पणजीत फार्मसी महाविद्यालय निघाले. उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ भरेल, तेव्हा मधुमेहाच्या नि हृदयरोगाच्या गोळ्या बाळगणारी आमचीच वडीलधारी मंडळी फ्रीगंजच्या दुकानांपुढे उभी राहतील. त्या गर्दीत प्रत्येक औषधालयात फार्मासिस्ट जातीने हजर राहील, एवढी व्यवस्था मध्य प्रदेश शासनाने आतापासून करावी. आणि गोवा शासनाने त्यासाठी सिंहस्थाची वाट पाहू नये.