पडद्यावरचें भय आणि घरांतले वडील

ज्या वस्तूची भीति वाटते तिच्यापासून दूर पळावें, हा प्राणिमात्राचा सहजधर्म होय. वाघाचा वास येतांच गाय दावें तोडूं पाहते. सापाला पाहून चिमण्या कल्ला करतात. परंतु पदरचे पैसे खर्चून, रांगेंत उभें राहून, मुद्दाम अंधाऱ्या जागीं जाऊन भीति विकत घेणारा प्राणी एक मनुष्यच! आणि मनुष्यांतहि ही हौस चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना जितकी असते तितकी इतर कोणासहि नसते. परग्रहावरून आलेला विचित्र जीव, प्रयोगशाळेंतून सुटलेली एखादी बला, शास्त्रज्ञाच्या हट्टापायीं जनावर झालेला विद्यार्थी, असल्या अमेरिकन विज्ञान-भयपटांचा या वयाला केवढा नाद असतो, हें ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत त्यांना सांगावयास नकोच. दिवे मालवून, पांघरुणांत शिरून, हातांतल्या फोनच्या इवल्याशा पडद्यावर तीं हे चित्रपट पाहतात, आणि माजघरांतून प्रश्न येतो, "यांत तुम्हांला आवडतें तरी काय?"

हा प्रश्न बहुधा उत्तराची अपेक्षा न ठेवतांच विचारला जातो. आम्हांस मात्र तो खरोखरीच विचारण्यासारखा वाटतो. आयुष्याचीं बहुतेक वर्षें याच वयाच्या मुलांपुढें खडू घेऊन उभें राहण्यांत गेल्यामुळें, जी गोष्ट शेवटच्या बांकालाहि स्तब्ध बसविते तिच्यांत कांहींतरी तथ्य असलेंच पाहिजे, अशी आमची समजूत झालेली आहे. म्हणून यांपैकीं कांहीं प्रसिद्ध चित्रपट आम्हीं मुद्दाम शेवटपर्यंत पाहिले. त्यांवरून जें वाटलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आपल्या शास्त्रकारांस विचारूं. भरतमुनींनीं नाट्यांत आठ रस सांगितले. त्यांत भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तिन्ही आहेत. आणि विज्ञान-भयपट म्हणजे या तिहींचेंच मिश्रण होय. आतां भयापासून आनंद कसा व्हावा? काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनीं सुमारें हजार वर्षांपूर्वीं रसाचा विचार करतांना 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकांतील हरिणाचा दाखला घेतला आहे. दुष्यंताच्या रथापुढें तें हरिण मान वळवून मागें पाहत जीव घेऊन पळत आहे. तेथें प्रेक्षकाला भय जाणवतें; परंतु तें 'मी भ्यालों' असें नसतें, आणि 'तें अमकें हरिण भ्यालें' असेंहि नसतें. स्थळ, काळ आणि आपपर यांच्या बंधनांतून सुटलेलें तें केवळ भय असतें, म्हणून त्याचा आस्वाद घेतां येतो.

पांघरुणांत शिरलेल्या आपल्या नातवाची स्थिति याहून निराळी नाहीं. तथापि एवढ्यानें आमच्या प्रश्नाचें समाधान होत नाहीं. भय गोड कां लागतें हें कळलें. पण याच वयाला, आणि याच जातीचें भय कां गोड लागतें, हें शिल्लक राहतेंच. शिवाय एक मोठा फरक आहे. भय हा स्थायीभाव भरतमुनींनीं स्त्रिया व नीच प्रकृतीचीं पात्रें यांच्याकडे सोंपविला. या चित्रपटांत मात्र सर्वांत आधीं भितो तो नायक. आणि त्याचें भिणें हाच त्याचा शहाणपणा ठरतो.

या प्रकाराचें मूळ शोधीत गेल्यास एक मौजेची गोष्ट आढळते. विज्ञानाच्या पोटीं जन्मलेल्या भयाची पहिली मोठी कथा एका अठरा वर्षांच्या मुलीनें लिहावयास घेतली. १८१५ सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यामुळें पुढच्या वर्षीं युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं. १८१६ च्या त्या पावसाळी दिवसांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं जमलेल्या मंडळींनीं प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी असें ठरविलें, आणि त्यांतून मेरी शेली हिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी निर्माण झाली. १८१८ मध्यें ती छापली गेली तेव्हां तीवर लेखिकेचें नांवहि नव्हतें. तींतला राक्षस मुळांत दुष्ट नाहीं. ज्यानें त्याला घडविलें तोच त्याला पाहतांक्षणीं टाकून पळाला, ही त्याची तक्रार आहे. जन्मदात्यानें आपलें ऐकून घेतलें नाहीं, हा या साहित्यप्रकाराचा पहिला उद्गार होय.

पोरवयाच्या प्रेक्षकांसाठीं म्हणून असे चित्रपट निघूं लागले ते मात्र १९५० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत. दूरचित्रवाणी घरोघर आली आणि वडील मंडळी घरींच बसूं लागलीं. मुलांच्या हातीं मोटार होती आणि खिशांत खर्चाला पैसेहि होते. मोटारींत बसूनच पाहावयाचीं उघड्या मैदानांतील चित्रपटगृहें, ज्यांना ड्राइव्ह-इन म्हणतात, तीं १९५८ च्या सुमारास त्या देशांत चार हजारांच्या घरांत गेलीं होतीं. हा ग्राहक ओळखून कांहीं लहान कंपन्यांनीं थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत चित्रपट काढण्याचा सपाटा लावला. त्यांपैकीं एक १९५७ मधला 'आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ', म्हणजे 'मी पोरवयांतला नरवृक होतों'. नांव ऐकूनच कोणीहि सुज्ञ मनुष्य हंसेल. पण कथा ऐकावी. टोनी नांवाचा तापट विद्यार्थी आहे. कोणी मागून हात लावला तरी तो अंगावर धांवून जातो. एका पोलिस अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून त्याला एका प्रतिष्ठित डॉक्टराकडे पाठविण्यांत येतें. मनुष्यजात आपल्याच हातानें नष्ट होणार, सबब तिला पुन्हां आदिम अवस्थेंत नेलें पाहिजे, असें या डॉक्टराचें वेड! औषध टोंचून व संमोहन करून तो मुलाचा लांडगा बनवितो. आणि त्यानंतर एक दिवस शाळेची घंटा कानाशीं खणखणतांच तो मुलगा शाळेंतच पशु होतो. शेवटीं तो मदतीसाठीं त्याच डॉक्टराकडे येतो, तर डॉक्टर त्याच्यावर पुन्हां तोच प्रयोग करून त्याचें चित्रण करूं लागतो. टोनी डॉक्टराला मारतो आणि स्वतः पोलिसांच्या गोळीस बळी पडतो.

या वयांत आवाज फुटतो, अंगावर लव येते, संताप कां येतो तें ज्याचें त्यालाच समजत नाहीं. अशा मुलाला लांडगा होणाऱ्या टोनींत स्वतःची ओळख पटली तर नवल नाहीं. परंतु त्याहून महत्त्वाचें हें, कीं ज्याच्याकडे वडिलांनीं विश्वासानें धाडिलें त्यानेंच घात केला. हें जर मुलानें आधीं येऊन सांगितलें असतें तर कोणीं ऐकलें असतें?

नेमकें हेंच सूत्र पुढच्या वर्षींच्या 'द ब्लॉब' या रंगीत चित्रपटांत आहे, आणि या साऱ्यांत तो आम्हांस विशेष आवडला. पेनसिल्व्हेनिया राज्यांत त्याचें चित्रीकरण झालें. त्यांत शाळकरी नायक झालेला स्टीव्ह मॅक्वीन चित्रीकरणाच्या वेळीं २७ वर्षांचा होता, ही मौज सोडून द्यावी. आकाशांतून एक उल्का पडते. तिच्यांतून निघालेला चिकट गोळा एका म्हाताऱ्याच्या हाताला डसतो, त्याला गिळतो, मग डॉक्टरला गिळतो, आणि जितका गिळतो तितका वाढतो. हें पाहिलें एका मुलानें. तो पोलिसांना घेऊन येतो तों घरांत कांहींच नाहीं! पोरांचा वात्रटपणा म्हणून आईबापांना बोलावून त्याला व त्याच्या मैत्रिणीला घरीं पाठवितात. तीं दोघें रात्रीं पुन्हां बाहेर पडतात. आणि अखेर कोणी ऐकेना तेव्हां गांवांतलीं सारीं मुलें मोटारींचे भोंगे वाजवून झोपलेल्या गांवाला जागें करतात. तोंवर तो गोळा चित्रपटगृहांत शिरलेला असतो.

गोळ्याला गोळी लागत नाहीं, आग लागत नाहीं. थंडी तेवढी सोसत नाहीं, हेंहि त्या मुलाच्याच ध्यानांत येतें. आग विझविण्याच्या नळकांड्यांतील गार वायु त्याला थोपवूं शकेल. पण तीं नळकांडीं पुरेशीं कोठें आहेत? शाळेंत. शाळेला कुलूप, किल्ली जवळ नाहीं. आणि मुलीचा बाप, ज्यानें थोड्या वेळापूर्वीं तिला पोलिसचौकीवरून घरीं नेलें होतें, तोच शाळेचा मुख्याध्यापक! तो क्षणभर घुटमळतो, दगड उचलतो आणि स्वतःच्या शाळेच्या दाराची कांच स्वतःच्या हातानें फोडतो. आम्ही जन्मभर शाळेच्या कांचा सांभाळलेले, परंतु त्या जागीं आम्हांसहि "शाबास!" म्हणावेसें वाटलें. या चित्रपटाचा खरा कळस गोळा गोठतो तेथें नसून ही कांच फुटते तेथें आहे, असें आमचें मत आहे. मुलाचें म्हणणें वडिलांनीं खरें मानलें, एवढेंच नव्हे, तर त्यासाठीं आपला नियम मोडला!

ज्या फीनिक्सव्हिल गांवच्या कलोनियल चित्रपटगृहांत तो प्रसंग चित्रित झाला तेथें २००० सालापासून दरवर्षीं या चित्रपटाचा उत्सव भरतो, आणि लोक ओरडत त्या चित्रपटगृहांतून बाहेर धांवत सुटण्याची नक्कल हौसेनें करतात. चित्रपटाच्या शेवटीं तो गोठलेला गोळा विमानानें उत्तर ध्रुवाकडे नेऊन टाकितात. जोंवर तिकडे थंडी आहे तोंवर भय नाहीं, अशा अर्थाचें नायक बोलतो, आणि 'समाप्त' या अक्षरांपुढें प्रश्नचिन्ह उमटतें. आज ध्रुवप्रदेश उर्वरित पृथ्वीहून अधिक वेगानें तापत आहे, हें शाळेंत शिकणाऱ्या नातवाला तें प्रश्नचिन्ह पाहून हंसूं येतें, पण तें हंसूं निर्धास्त नसतें.

आतां कोणी म्हणेल, हें भय आमच्या आजीच्या गोष्टींतहि होतें. वेताळ होता, हडळ होती, मुंजा होता. होते, पण त्या गोष्टींत उपाय कोणाजवळ असे? म्हाताऱ्या मांत्रिकाजवळ, घरांतल्या वृद्धांजवळ. मुंज्याचा पिंपळ कोणता हें आजीला ठाऊक असे, आणि मुलानें तिचें ऐकावें हेंच त्या गोष्टीचें तात्पर्य. विज्ञान-भयपटांत जी बला येते ती पूर्वीं कोणींच पाहिलेली नसते. तेथें अनुभवाचा उपयोग नाहीं, पांढऱ्या केसांना मान नाहीं. ज्याचे डोळे उघडे तोच जाणता. आजीच्या गोष्टींत वडिलांचें न ऐकणारा मुलगा संकटांत सांपडतो. या चित्रपटांत मुलाचें न ऐकणारे वडील संकटांत सांपडतात. तरुणांना या प्रकाराची जी ओढ वाटते तिचें मर्म आमच्या मतें येथें आहे. राक्षस हें केवळ निमित्त. आपण खरें सांगत असतां कोणी ऐकत नाहीं, हें खरें भय.

पुढचे चित्रपट पाहिले तरी हेंच दिसतें. १९९८ च्या 'द फॅकल्टी' या चित्रपटांत ओहायोमधील एका शाळेचे शिक्षकच परग्रहावरच्या परजीवी प्राण्यांच्या ताब्यांत जातात, आणि हें ओळखतात एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे विद्यार्थी. २०१६ मध्यें सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेंत एक मुलगा नाहींसा होतो आणि त्याचे तिघे मित्र त्याला शोधीत फिरतात. पण येथें एक सुखद फरक आहे. त्या मुलाची आई घरांतल्या दिव्यांच्या उघडझापीवरून आपला मुलगा जिवंत आहे हें ओळखते, आणि सारा गांव वेडी म्हणत असतांहि आपला विश्वास सोडीत नाहीं. ही मालिका अनेक घरांत वडील माणसांनींहि आवडीनें पाहिली, त्याचें एक कारण ही आई असावी.

या चित्रपटांची आम्ही सरसकट वकिली करीत नाहीं. पुष्कळ चित्रपट घाईनें शिवलेल्या अंगरख्यासारखे उसवलेले असतात. कित्येकांत रक्तामांसाचा नुसता चिखल असतो, आणि बीभत्सानें भयानकाची जागा बळकाविली कीं रस उरत नाहीं. लहान मुलांची झोंप उडेल असें कांहीं त्यांना पाहूं देऊं नये, हेंहि खरेंच. परंतु मोठ्या मुलाच्या हातचा फोन ओढून घेण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहावें, आणि संपल्यावर एवढेंच विचारावें, "त्या मुलाचें कोणीं ऐकलें नाहीं, हें तुला खरें वाटतें का?" मिळणारें उत्तर बहुधा चित्रपटाविषयीं नसेल.

आपल्या एकत्र कुटुंबांत ऐकणारे कान पुष्कळ. आणि म्हणूनच प्रत्येकाला वाटतें, दुसऱ्या कोणीं ऐकलें असेल. आजोबा वर्तमानपत्रांत, काकू स्वयंपाकांत, वडील कचेरीच्या कामांत. मूल मात्र एका खोलींतून दुसऱ्या खोलींत आपलें वाक्य घेऊन हिंडत असतें. वर्गांतल्या मुलांनीं केलेला छळ, एखाद्या शिकवणीच्या मास्तरांविषयींची धास्ती, येणाजाणाऱ्या एखाद्या आप्ताचें न आवडणारें वागणें, या गोष्टी मुलें अडखळत, अर्धवट, भलत्या वेळीं सांगतात. आणि ज्याविषयीं सांगतात तो टोनीच्या डॉक्टरासारखा चारचौघांत प्रतिष्ठितच असतो. "कांहींतरीच बोलूं नकोस," या तीन शब्दांनीं तें दार बंद होतें, आणि एकदां बंद झालेलें असलें दार फार क्वचित उघडतें. मुलाचें प्रत्येक म्हणणें खरें असेल असें नाहीं. परंतु तें शेवटपर्यंत ऐकून घेतल्याशिवाय खरेंखोटें कळावयाचें कसें? तेव्हां आपल्या घरच्या मुलांनीं असें अडखळत कांहीं सांगितलें, तर वडीलधाऱ्यांनीं हातचें काम बाजूस ठेवून प्रथम तें पुरतें ऐकून घ्यावें, आणि जरूर पडल्यास शाळेची एक कांच फोडावयासहि मागेंपुढें पाहूं नये, एवढीच आमची विनंति आहे.