सेकंदांचा हिशेब आणि हुलकावणी

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुषांनी जिंकला आणि महिलांनीही. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. अशा वेळी तुलना होतेच, आणि ‘बायकांचा खेळ जरा संथच’ हा शेराही ठरलेला. सरळ धावण्यापुरतं त्यात तथ्य आहे. 100 मीटरचा जागतिक विक्रम पुरुषांत 9.58 सेकंद, महिलांत 10.49, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्क्यांचा फरक. सराव आणि सुविधा कमी पडतात म्हणून हा फरक दिसतो, असं कोणी म्हणेल. सुविधांतला अन्याय खराच. पण व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेल्या ऑलिंपिक धावपटूंतही हे अंतर कित्येक दशकं दहा टक्क्यांच्या आसपासच राहिलं आहे. लहान मुलामुलींत ते फारसं नसतं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू वाढतात, तेव्हा ते रुंदावतं.

चपळाईचं गणित मात्र वेगळं आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. संरक्षकाला मात्र बसलेल्या गड्यांमधून कुठूनही पलीकडे निसटता येतं. समोरच्याचा खांदा कुठे वळतोय हे ओळखायचं, क्षणभर थांबून हुलकावणी द्यायची आणि पुन्हा उसळायचं. थांबण्या-उसळण्याला पायांत ताकद लागते, तिथे पुरुष सरस. पण नेमकं कधी थांबायचं हे नजर आणि वर्षानुवर्षांचा सराव ठरवतो. त्यात पुरुषांना जन्मजात वरचढ मानायला आधार नाही.

मग सगळ्यांना एकत्र का खेळवू नये? दोन खांबांत चोवीसेक मीटर अंतर असतं. तेवढ्यात दहा टक्के म्हणजे दोन मीटरहून जास्त, हात लांबवूनही न पोचणारं अंतर. म्हणून वेगळे गट योग्यच. मात्र म्हणून मुलींचा सराव सौम्य ठेवणं चूक. अचानक वळण्याच्या खेळांत गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण महिलांत पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, गुडघे वाकवून उतरण्याची सवय यांनी तो धोका घटवता येतो. तेव्हा थांबण्या-वळण्याचा कसून सराव मुलींना जास्तच हवा. घड्याळाने गट पाडावेत. खेळाचा दर्जा आणि सरावाचे तास ठरवण्याचं काम त्याच्याकडे देऊ नये.