आधी अर्थ, मग रूप

जगातले पहिले वेबपान १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून सर्वांसाठी खुले झाले. त्यात चित्र नव्हते, रंगसंगती नव्हती. होता तो साधा मजकूर आणि दुसऱ्या पानांकडे नेणाऱ्या लिंक. सर्नने ते पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून दिले आहे आणि आजच्या ब्राउझरमध्येही ते विनातक्रार उघडते. संगणकावर ब्राउझरची चौकट अरुंद केली, तर ओळी आपोआप मोडून तिच्यात बसतात. त्या काळचा एखादा दुसरा प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवायचा म्हटले तर केवढा खटाटोप करावा लागतो! हे पान टिकले, कारण मजकूर कसा दिसावा हे त्या फाइलमध्ये लिहिलेलेच नाही. कोणता भाग काय आहे, एवढेच तिच्यात सांगितले आहे. वेबसाइट स्वतःच्या हाताने लिहायला शिकणाऱ्याने पहिला धडा इथूनच घ्यावा.

सर्नमध्ये देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत आणि त्यांचे संगणक वेगवेगळ्या जातींचे असत. एकाचा दस्तऐवज दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेलच, याची खात्री नसे. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये या अडचणीवर एक प्रस्ताव मांडला आणि त्यातून पुढे वेब व एचटीएमएल ही खुणांची भाषा आकाराला आली. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असे लेखकाने सांगायचे; ते कसे दाखवायचे हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. १९९१च्या अखेरीस त्यांनी या भाषेचे जे वर्णन दिले, त्यात अवघ्या १८ खुणा, म्हणजे टॅग होते. आज ती संख्या शंभरावर गेली असली, तरी पहिले चांगले पान लिहायला वीसेक टॅग पुरतात.

साहित्यही थोडकेच लागते. नोटपॅडसारखा साधा एडिटर आणि ब्राउझर पुरे. समजा, गावातल्या वाचनालयाचे पान लिहायचे आहे. टॅग रोमन अक्षरांत आणि कोनी कंसांत लिहितात. वाचनालयाच्या नावाआधी ‘एच १’चा उघडता टॅग, नावानंतर तिरकी रेघ घातलेला बंद करणारा टॅग, झाले मुख्य शीर्षक. ‘वेळ’, ‘नवी पुस्तके’, ‘पत्ता’ ही उपशीर्षके ‘एच २’मध्ये, पुस्तकांची नावे यादीच्या टॅगमध्ये, मजकूर ‘पी’मध्ये. फाइल डॉट एचटीएमएल या शेपटीसह साठवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. इंटरनेट जोडणी नसली तरी चालते.

नवशिके इथे हमखास एक चूक करतात. शीर्षक मोठे आणि ठळक दिसायला हवे म्हणून साध्या मजकुरालाच मोठे आणि ठळक करतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. ‘एच’ ही कळ दाबत तो शीर्षकांवरून उड्या घेत पान चाळतो. खरी शीर्षके नसतील, तर त्याला पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते. चित्राला पर्यायी वर्णन दिले नाही, तर त्याच्यासाठी ते चित्र नसल्यातच जमा. शोधयंत्रेही पानाचा विषय ओळखताना याच खुणांची मदत घेतात.

ब्राउझर फाइल वाचून या खुणांचा एक वृक्ष मनात बांधतो: मुळाशी पान, त्याच्या फांद्यांवर विभाग, विभागांत परिच्छेद. बंद करणारा टॅग राहून गेला तरी तो काम थांबवत नाही. चुकलेल्या फाइलीतून वृक्ष कसा उभारायचा, याचेही नियम एचटीएमएलच्या मानकात दिलेले आहेत. या उदारपणामुळे शिकणाऱ्याची उमेद टिकते. पण त्यामुळेच चूक झाली हे कळतही नाही. म्हणून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये आपले पान तपासून घ्यायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी.

पान अर्थाने पक्के झाले की रूपाकडे वळायचे. बर्नर्स-ली यांच्यासोबत सर्नमध्ये काम केलेले नॉर्वेचे होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएस या रूप ठरवणाऱ्या भाषेची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले मानक आले. रंग, फाँट, समास हे सारे वेगळ्या फाइलीत गेले आणि एका नियमाने शंभर पानांचे रूप बदलणे शक्य झाले. एकाच घटकाला दोन नियम लागू झाले तर कोणता जिंकतो, हे समजणे सीएसएसमधले सर्वांत अवघड काम. घोकंपट्टीपेक्षा ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स इथे कामी येतात. ‘एफ १२’ दाबून घटकावर बोट ठेवा. कोणता नियम लागला आणि कोणावर काट बसली, ते डोळ्यांसमोर येते.

मोबाइलसाठी एक ओळ विसरून चालत नाही. पान पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी व्ह्यूपोर्टची सूचना पानात नसेल, तर मोबाइल ब्राउझर सहसा ते ९८० पिक्सेल रुंद असल्याचे धरून आकसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात. रंगांचेही भान हवे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे उन्हात दिसेनाशी होतात. सुगम्यतेच्या मानकांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी काही पथ्ये पाळायला हवीत. इंग्रजी धडे गिरवताना ती कोणी सांगत नाही. आपल्या मात्रा, रफार वर जातात आणि उकार खाली उतरतात, म्हणून दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह टाळावा, शिरोरेखा तुटते. पानाच्या सुरुवातीलाच यूटीएफ-८ हे युनिकोडचे संकेतन जाहीर करावे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हे बसवत. तो फाँट नसलेल्या संगणकावर बातमीऐवजी निरर्थक अक्षरांचा ढीग दिसे आणि शोधूनही काही सापडत नसे. पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, असेही नोंदवावे. मग स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकतो आणि काही फाँट ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाने काढतात.

यानंतर वजन. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तरीही हजार शब्दांचा मराठी लेख वीसेक किलोबाइटमध्ये मावतो. फोनने काढलेला एक फोटो मात्र सहज तीन-चार मेगाबाइटचा, म्हणजे अशा दीडशे लेखांइतका जड असतो. घाटात, जिथे नेटवर्कची एखादीच दांडी दिसते, तिथला वाचक इतका वेळ थांबत नाही. फोटो जेवढा दाखवायचा तेवढाच लहान करून घ्यावा आणि त्याची लांबी-रुंदी टॅगमध्ये लिहावी. म्हणजे ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली घसरत नाही.

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा सर्वांत शेवटी. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला आणि आज वेबवरची बहुतेक हालचाल तिच्या जोरावर चालते. पण तिच्यातल्या एका चुकीने उरलेले काम अडू शकते. एचटीएमएल तसे अडत नाही. पत्ता, वेळ आणि फोन क्रमांक दाखवायला जावास्क्रिप्टची गरज नाही. दाबल्यावर उलगडणारी माहितीसुद्धा आता नुसत्या एचटीएमएलने जमते.

आज एका वाक्यात हवे ते सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता अख्खी वेबसाइट लिहून देते. तरीही हाताने लिहायला शिकावे, असे मी आग्रहाने सांगतो. तयार पानात शीर्षके खरी आहेत की नुसती ठळक, बटण खरे आहे की रंगवलेली चौकट, हे ज्याने स्वतः लिहिले आहे त्यालाच ओळखता येते. म्हणून एका पानापासून सुरुवात करा आणि ते चार वेळा तपासा. सीएसएस काढून टाकल्यावर ते सलग वाचता येते का? माउस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने सगळ्या लिंकवर पोहोचता येते का? स्वस्तातल्या जुन्या फोनवर, कमकुवत नेटवर्कवर ते उघडते का? डोळे मिटून स्क्रीन रीडरने ऐकले तर त्याचा अर्थ लागतो का? चारही उत्तरे ‘हो’ आली की पान निःशंक प्रसिद्ध करा. सजावट पुढच्या महिन्यात केली तरी चालेल.