ऊन सोसत नाही, त्या मुलांचे मैदान

'ऊन की सावली?' असा एक खेळ आमच्या पिढीतील बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असेल. ज्याच्यावर राज्य आले त्याला इतरांनी विचारावयाचे, ऊन हवे की सावली? त्याने सावली मागितली की सावली त्याची. मग बाकीच्यांनी उन्हात उभे राहावयाचे, आणि कोणी चुकून झाडाखाली आला की तो बाद. खेळाला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. एक झाड आणि आठ-दहा मुले पुरेत. परंतु त्या आठ-दहांत असे एखादे मूल असते की ज्याला ऊन मागण्याची मुभाच निसर्गाने ठेवलेली नाही. ते खेळाला येत नाही, आणि ते का आले नाही हे आपण कधी विचारीत नाही.

अशा मुलांविषयी लिहिताना बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाचा विचार आमच्या मनात प्रथम येतो, त्यास कारण आहे. आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना तो भाग परका नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने भाजी खाली येते, रुग्ण वर जातात, आणि सोयरिकी तर दोन्ही बाजूंनी होतात. सोयरिकीचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. मामाच्या मुलीशी लग्न ही चाल दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात जुनी आहे, आणि काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही मान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात दर चार लग्नांपैकी सुमारे एक लग्न नात्यात झालेले असते. घरची जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरात पडते, हे त्यामागचे हिशेब आम्ही जाणतो. पण या हिशेबात एक रकाना राहून जातो. काही दोष असे असतात की ते आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्हीकडून आले तरच मुलात प्रकट होतात. नात्यात लग्न झाले म्हणजे एकाच पूर्वजाचा तो छुपा दोष दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो, आणि तसा तो असेल तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक या प्रमाणात मूल बाधित होऊ शकते.

जन्मजात वर्णहीनता, जिला डॉक्टर अल्बिनिझम म्हणतात, ती अशीच येते. कातडीला, केसांना आणि डोळ्यांच्या पडद्याला रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य या मुलांत बनतच नाही किंवा फार थोडे बनते. मूल पांढुरके, केस पिवळसर, डोळे उजेडात मिटलेले. प्रारंभी 'किती गोरे बाळ' म्हणून कौतुक होते, आणि नंतर तेच शेजारी कोड म्हणून कुजबुजू लागतात. हे कोड नव्हे, महारोग तर नव्हेच नव्हे. ते कोणाला लागत नाही. ग्रहणात आईने काही चिरले म्हणूनही ते झालेले नाही. आईला दोष देण्याची आपल्या घरांतील ही जुनी सवय या बाबतीत विशेष निर्दय आहे, कारण वर सांगितल्याप्रमाणे अर्धा वाटा बापाचा असतो.

याहून कितीतरी दुर्मिळ, पण फार कठोर असा दुसरा विकार आहे झेरोडर्मा पिगमेंटोसम. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचे वर्णन केले होते; त्याचे मर्म मात्र १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी उलगडले. सूर्याचे अतिनील किरण पेशीतील गुणसूत्रद्रव्याला जी इजा करतात, ती तुमच्या-आमच्या शरीरात रोज दुरुस्त होत असते. या मुलांत ती दुरुस्तीच होत नाही. काहींचे कातडे थोड्या उन्हानेही भाजते, अंगावर ठिपके उमटतात आणि शाळकरी वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. फ्रान्समध्ये यांना चंद्राची मुले म्हणतात.

तेव्हा ऊन टाळावयास हवे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीविषयी. ऊन टाळावयाचे म्हणजे मुलाला घरात कोंडावयाचे, असा अर्थ आपण लावतो. निपाणीसारख्या गावाचे उदाहरण घ्या. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने हे नाव देशभर गेले. येथील कितीतरी घरांत बाई दारात सूप घेऊन विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी. तिच्या पदरी असे मूल असेल तर ते कोठे राहील? बाहेर ऊन, म्हणून आत. आणि आत तंबाखूची धूळ. मूल जगते, परंतु त्याचे स्नायू वाढत नाहीत, त्याला भिडू मिळत नाही, भांडण करून पुन्हा एक होण्याची कला त्याला येत नाही. अंगाला ऊनच न लागल्याने डी जीवनसत्त्वाची उणीव पडते ती वेगळीच, आणि त्यासाठी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. सूर्यापासून वाचविलेले मूल आपण बालपणापासूनही वाचविले, असा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे असे की, मुलाला मैदानातून काढण्याऐवजी खेळाची वेळ आणि जागा बदलता येते. यात मोठे शास्त्र नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन तीव्र समजावे, ही खूण अंगणातील पोरालाही शिकविता येते. बेळगाव सुमारे सोळा अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तेथे सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लपते. त्या दिवसांत सकाळी साडेनवाच्या आधीपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली आखूडच असते. डिसेंबरात हा काळ अकरा ते दोनपुरता उरतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच; उंचीबरोबर अतिनील किरण थोडे वाढतात. आणि तेथील गार वारा तर फसवाच. ऊन चटके देत नाही म्हणून ते निरुपद्रवी आहे असे नव्हे, कारण भाजणारे किरण आणि तापविणारे किरण निराळे. पातळ ढगांतूनही ते येतात. खिडकीची साधी काच त्यांतील एक प्रकार अडवते, दुसरा आत सोडते. म्हणून झेरोडर्माच्या मुलाला खिडकीपाशी बसविणेही धोक्याचे. त्याला सावलीची ही खूण पुरत नाही. त्याचे खरे मैदान सूर्यास्तानंतरचेच.

सूर्यास्तानंतरचे मैदान म्हटले की काहींना हसू येईल. पण अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अशा मुलांसाठी रात्री भरणारे शिबिर पालकांनीच उभे केले, तेथे मुले दिवसा झोपतात आणि रात्री खेळतात. आपल्याला तर त्यासाठी परदेशाकडे पाहावयाचीही गरज नाही. कोजागरीच्या चांदण्यात, मंगळागौरीच्या जागरणात खेळ रात्रीच रंगतात. सूरपारंब्या हा खेळ वडाच्या दाट छायेवाचून होतच नाही. आणि सीमाभागातील तालमी! पहाटे किंवा दिवेलागणीला, छपराखालच्या तांबड्या मातीत जी कुस्ती होते तिला सूर्याची काडीइतकी गरज नाही. वर्णहीन मुलांची दृष्टी बहुधा अधू असते, बुबुळे हलत राहतात. वेगाने येणारा क्रिकेटचा चेंडू त्यांना दिसत नाही. पण कुस्तीत प्रतिस्पर्धी हाताला लागतो, डोळ्यांनी शोधावा लागत नाही. अशा मुलाला पहाटे हौद्यात उतरविणारा वस्ताद आम्हांला कोठे भेटला, तर त्याचा सत्कार करावयास आम्ही घाट चढून जाऊ. चेंडूचाच खेळ हवा असेल तर चेंडू मोठा आणि भडक रंगाचा घ्यावा, एवढेच.

सावली मात्र राखावी लागते. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचे जे झाडीचे आवार आहे, तशी जागा गावोगावी नाही. आणि जेथे आहे तेथेही सुशोभनापायी झाडांवर गदा येते, असा वाद याच जागेवरून झालेला आहे. झाड तोडणाऱ्याच्या हिशेबात ते मूल धरलेले नसते.

कपड्यांविषयी थोडे. बाह्या मनगटापर्यंत, कापड दाट विणीचे, रंग गडद. भिजलेला पातळ सुती सदरा जवळजवळ कुचकामी ठरतो. टोपी चहूबाजूंनी रुंद काठाची हवी. गांधीटोपी आम्हांला कितीही प्रिय असली तरी तिने कान आणि मान झाकली जात नाही, हे कबूल केले पाहिजे. काळा चष्मा अतिनील किरण अडविणारा हवा. रस्त्यावरचा नुसता रंगीत चष्मा नको. उघड्या अंगाला उन्हापासून रक्षण करणारे मलम, तीस किंवा अधिक क्रमांकाचे, बाहेर पडण्याआधी वीसेक मिनिटे आणि पुढे दर दोन तासांनी लावावयाचे. आता दर दोन तासांनी मलम लावणे विडी कामगार बाईला परवडेल काय? आपल्याकडे हे मलम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते, म्हणजे श्रीमंत मुली समुद्रावर जाताना लावतात त्या जिनसांच्या रांगेत. टांझानियासारख्या आपल्याहून गरीब देशात मोशी येथील रुग्णालयात 'किलिसन' नावाचे मलम वर्णहीन लोकांसाठी मुद्दाम तयार करून फुकट वाटले जाते. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही सरकारांना निदान नोंद झालेल्या मुलांपुरते तरी हे अशक्य नाही.

शाळेविषयीही सांगणे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत वर्णहीनता स्वतंत्र नाही, पण अल्पदृष्टी आहे, आणि बऱ्याच मुलांना त्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. ते मिळाले की पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका या गोष्टी हक्काने मागता येतात. गणवेशाच्या नियमासाठी मुलाची टोपी काढून घेणारा शिक्षक दुष्ट नसतो. त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि सांगावयाचे तर कोणत्या भाषेत? येथे सीमाभागाचे जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते. १९५६ पासूनचा तो वाद आम्ही या स्तंभात अनेकदा मांडला आहे, आज मांडणार नाही. परंतु आरोग्यकेंद्राचे पत्रक कन्नडमध्ये आणि आई वाचते मराठी, तर त्या पत्रकाचा उपयोग पुडी बांधण्यापलीकडे होणार नाही. अशा पत्रकाच्या मागच्या पानावर मराठी मजकूर छापल्याने कोणाच्या राज्याची सीमा एक इंचही हलत नाही.

किनाऱ्यावरच्या वाचकांना शेवटी एक विनंती. मे महिन्यात घाटावरचे पाहुणे मुलाबाळांसह आपल्याकडे उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी आपण त्यांना समुद्रावर नेतो. कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के आणि लाटांचा फेस सुमारे पंचवीस टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे छत्रीखाली बसलेल्या मुलालाही खालून ऊन लागते. पाहुण्यांत असे एखादे मूल असेल तर त्याला 'तू घरी थांब' म्हणू नये. सगळ्यांनीच संध्याकाळी साडेपाचनंतर निघावे. किल्ले अंधारातही बांधता येतात, आणि भरतीची वेळ तर आपल्या घरात कोणाला ना कोणाला ठाऊक असतेच.