परसातील खोप : अंदाज छपरापासून करावा

पावसाळा सरून दिवाळी झाली म्हणजे आमच्या वसई भागातील वाडीवाल्याच्या मनात एक विचार हटकून येतो. ओटीवर पडलेली फवारणीची टाकी, पडवीत रचलेल्या खताच्या गोणी, जिन्याखालचा पंप आणि माळ्यावरची दोरखंडे ही सारी एका छताखाली आणावी, आणि त्यासाठी परसात एक लहानशी खोप उभारावी, असा तो विचार असतो. विचार चांगला आहे. परंतु तो बहुधा तोंडी हिशेबावर अमलात येतो आणि तेथेच नुकसानीचा उगम होतो. म्हणून या कामाचा अंदाज कसा करावा, याविषयी दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमची सारी नोकरी महसूल खात्यात लोकांच्या जमाखर्चाच्या बेरजा तपासण्यात गेली. पण २०१९ च्या दिवाळीनंतर स्वतःची खोप बांधताना आम्ही कागदास हात लावला नाही. साठ हजार रुपये गाठीस होते व ते पुरतील असे वाटले. पाया, जोते, भिंती व खांब होईतो अठ्ठेचाळीस हजार संपले. छपरास सव्वीस हजार लागणार होते; हाती उरले बारा. मग पत्रा पातळ घेतला, आडवे पाइप कमी केले आणि पत्रे बोल्टांऐवजी तारेने बांधले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून समुद्रातून उत्तरेकडे गेले व त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यास लागले. त्या दिवशी आमच्या सोळा पत्र्यांपैकी नऊ उडाले. त्यांतील एक शेजाऱ्यांच्या पानवेलीत जाऊन रुतला. तेथे रोज सकाळी त्यांची वृद्ध आई पाने खुडीत असे. त्या दिवशी वाऱ्यामुळे ती घराबाहेर पडली नव्हती, एवढीच देवाची कृपा. दुरुस्तीस एकतीस हजार लागले. चौऱ्याहत्तर हजारांत चांगले होणारे काम एक्याण्णव हजारांस पडले, आणि शेजाऱ्यांपुढे मान खाली गेली ती निराळीच.

यातून एक गोष्ट आम्ही शिकलो. बांधकामात छप्पर शेवटी येते, म्हणून पैशाची तूट नेहमी छपरावरच पडते. आणि आमच्या मुलखात खोपीचा जीव तर छपरातच असतो. यास्तव बांधताना पायापासून आरंभ करावा, पण अंदाज लिहिताना छपरापासून करावा.

उदाहरणादाखल बाहेरून १२ फूट लांब व १० फूट रुंद अशी दुपाखी खोप घेऊ. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर लांबीच्या दोन्ही टोकांस दीड दीड फूट व वळचणीस दोन दोन फूट बाहेर काढावे. म्हणजे छपराची लांबी १५ फूट झाली. मध्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर ७ फूट आणि उंची ४ फूट धरली, तर उताराची लांबी सुमारे ८ फूट येते. अर्थात एका पाखीस आठ फुटी पत्रा अखंड पुरतो. पत्र्याची रुंदी दुकानात मोजतात ती धरू नये. शेजारच्या पत्र्यावर चढणारा भाग वजा जाता उरते ती धरावी. ती २ फूट असेल तर एका पाखीस ८ व दोहोंस १६ पत्रे लागतील. प्रत्येक पाखीस आडव्या पाइपांच्या चार ओळी धरल्यास एकूण १२० फूट पाइप होतो. प्रत्येक पत्र्यास प्रत्येक ओळीवर दोन बोल्ट धरल्यास १२८ बोल्ट लागतात. याशिवाय आढ्यावरील टोपण १५ फूट.

या बोल्टांचा खर्च छपराच्या मानाने अल्प असतो, आणि आम्ही नेमका तोच वाचविला. वारा छप्पर खाली दाबतो असा समज आहे. परंतु जोराचा वारा पाखीवरून जाताना तीस वर ओढतो, व वळचणीखाली शिरलेला वारा खालून उचलतो. म्हणून पत्रा पाइपास, पाइप खांबास आणि खांब पायास, असे सर्व एकमेकांस जखडलेले असले पाहिजे. भोक पत्र्याच्या उंच नळीवर पाडावे, खोलगट नळीत नव्हे. आणि बोल्टाखाली वायसर घालण्यास विसरू नये. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचा जस्ताचा थर झिजतो, व कापलेली कड प्रथम गंजते. तीस त्याच दिवशी रंग द्यावा.

कौलांची आवड असल्यास तीही वाट मोकळी आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढल्यापासून मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरले. खाऱ्या वाऱ्याने ते गंजत नाही. वरील छपराचे क्षेत्र २४० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर आहे. चौरस मीटरास १५ कौले धरली तर सुमारे ३४० व फूटतूट धरून ३६० मागवावी. मात्र त्यांचे ओझे टनाच्या घरात जाते. तेव्हा वासे व खांब त्या बेताचे हवेत, आणि तो खर्च कौलांच्या रकमेत मिळवूनच पत्र्याशी तुलना करावी.

आता जोत्याकडे वळू. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारमध्ये पाणी किती चढले हे पुष्कळांस आठवत असेल. आपल्या परसात त्या वेळी पाणी कोठवर आले होते ती खूण पाहावी व जोते तिच्याहून वर ठेवावे. येथे २ फूट धरू. नऊ इंची भिंतीची मधल्या रेषेने लांबी ४१ फूट येते. पाया दीड फूट रुंद व एक फूट खोल खणल्यास ६१॥ घनफूट डबर लागते. त्यावरील २ फूट उंच भिंतही योगायोगाने ६१॥ घनफूटच होते. विटा किती लागतील, हे वीट स्वतः मोजून ठरवावे. ९ × ४ × ३ इंची विटेस प्रत्येक बाजूने अर्धा इंच दर्जेचा मिळविला, तर एका घनफुटास साडेअकरा विटा बसतात. तुटीसह ७५० मागवाव्या. सिमेंट एकास सहा वाळू या मानाने त्यास ३ गोणी सिमेंट व २० घनफूट वाळू पुरते. आतील भराव १५६ घनफूट होतो. परंतु मुरूम चोपल्यावर बसतो, म्हणून जवळजवळ २ ब्रास सांगावा. वर तीन इंची काँक्रीटच्या जमिनीस ४ गोणी सिमेंट, १० घनफूट वाळू व २० घनफूट खडी लागेल. वरच्या भिंतींचा हिशेब याच रीतीने करावा.

भरावासाठी बावखल बुजवू नये, किंवा बावखलाकडे जाणारा पाण्याचा ओहोळ अडवून जोते घालू नये. बावखलात मुरणारे पाणीच आपल्या विहिरीस येते. खोपीपायी विहीर खारी झाली तर अवजारे ठेवून करावयाचे काय?

अंदाजात चार रकमा बहुधा राहून जातात. पहिली, मालाची दुसरी वाहतूक. आमच्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही, आणि रस्त्यापासून वाडीपर्यंत माल डोक्यावरून न्यावा लागतो. दुसरी, गवंडी व बिगारी यांची मजुरी. ती दिवसावर द्यावयाची की कामावर, हे आधीच लिहून ठेवावे. तिसरी, रंग, कडीकोयंडा व पन्हळ. चौथी, एकूण रकमेचा दहावा हिस्सा अनपेक्षित खर्चासाठी. दर तीन दुकानांतून लिहून आणावे, आणि त्यात भाडे व कर धरले आहेत की नाहीत हे विचारावे.

परवानगीविषयी आमच्या जुन्या धंद्यास स्मरून एवढे सांगतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत अवजारे, खत, चारा किंवा पीक ठेवण्यासाठी शेतजमिनीवर केलेल्या इमारतीची व्याख्या दिलेली आहे. परंतु सातबारा आपल्या नावावर आहे एवढ्यानेच सर्व झाले, असे समजू नये. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. आपली जमीन तिच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे पाहून त्या त्या ठिकाणी लेखी विचारणा करावी व उत्तराची प्रत जपून ठेवावी.

बेरीज झाल्यावर हातातील रक्कम कमी पडते असे दिसले, तर पत्रा पातळ करू नये. खोप लहान करावी. बारा फुटांच्या जागी आठ फुटांची बांधावी, किंवा या वर्षी जोते व छप्पर करून भिंती पुढच्या वर्षी घालाव्या. भिंतीवाचून खोप एक पावसाळा काढू शकते, पण कच्च्या छपराची खोप काढू शकत नाही. आणि मे महिना लागण्यापूर्वी शेवटचा बोल्ट आवळलेला असावा. मृगाची वाट पाहू नये, कारण वादळ नक्षत्र पाहून येत नाही.

आमची खोप आता नीट उभी आहे. तिच्या दाराच्या आतल्या बाजूस दुसऱ्या वेळी केलेल्या अंदाजाचा कागद आम्ही चिकटवून ठेवला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी खुशाल यावे. चुकांचा हिशेबही त्याच कागदाच्या मागे लिहिलेला आहे.