राजसमारंभातील मानक्रम

राजकीय समारंभात कोणी कोणाच्या आधी बसावे, हा प्रश्न अभ्यासकांनीही पुष्कळदा क्षुल्लक मानला आहे. परंतु याच प्रश्नापायी रक्त सांडल्याचे दाखले आहेत. १६६१ साली लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या वकिलाच्या स्वागतप्रसंगी आपल्या धन्याची गाडी पुढे राहावी म्हणून स्पेन व फ्रान्स यांच्या वकिलांच्या माणसांत भर रस्त्यात चकमक झाली व त्यात माणसे मारली गेली. गाडी मागे पडणे म्हणजे आपला राजा खालचा ठरणे, अशी त्या काळची धारणा होती. १८१५ साली व्हिएन्ना येथे जमलेल्या राष्ट्रांनी यावर जो तोडगा काढला, तो फार साधा होता. एकाच वर्गातील वकिलांचा क्रम त्यांच्या राजाच्या वैभवावरून न ठरवता, आगमनाची अधिकृत सूचना कोणी आधी दिली यावरून ठरवावा. थोरवी कोणाची, हा वाद त्यामुळे मिटला नाही. तो केवळ अप्रस्तुत ठरला.

आपल्याकडील मानक्रमाची तालिकाही याच दृष्टीने वाचली पाहिजे. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी ती प्रसिद्ध केली व पुढे वेळोवेळी तीत दुरुस्त्या झाल्या. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान असा तिचा प्रारंभ आहे. सरन्यायाधीश व लोकसभेचे अध्यक्ष हे दोघेही सहाव्या कलमात येतात. एका कलमातील नावे वर्णानुक्रमाने छापलेली असली, तरी त्यांचा आपसातील क्रम त्या कलमात कोणी आधी प्रवेश केला यावरून ठरतो. निरनिराळ्या राज्यांतील मान्यवर परराज्यातील समारंभास एकत्र आले आणि या तारखा कळणे कठीण झाले, तर राज्यांच्या नावांचा वर्णानुक्रम लावावा, अशीही सोय आहे. आधी कलम, मग तारीख आणि शेवटी अक्षर. गुणावगुणांची तुलना करण्याची पाळी यजमानावर कोठेच येत नाही. व्यक्तीच्या थोरवीला वाट दिली आहे ती मुख्यतः एका ठिकाणी: ‘भारतरत्न’ या सन्मानाच्या मानकऱ्यांसाठी ७ (अ) हे उपकलम आहे.

हा मान पदाबरोबर सर्वत्र सारखा फिरत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या कलमात असतात. सीमा ओलांडताच ते आठव्यात जातात. मुख्यमंत्री स्वराज्यात सातव्या कलमात, तर बाहेर आठव्यात. म्हणजे नागपुरास ज्यांच्या खुर्चीचे स्थान निर्विवाद, त्यांनाच रायपूरला दुसऱ्या रांगेत बसावे लागले, तर त्यात अपमान काही नाही. मान येथे पदाला आहे आणि तोही पदाच्या क्षेत्रापुरता.

तालिकेतील काही जागा मात्र खटकतात. मंत्रिमंडळ सचिव अकराव्या कलमात, तर संसद सदस्य एकविसाव्यात! लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या इतका मागे का, असा आक्षेप सहज घेता येईल. मोठ्या राजसमारंभास सर्व सदस्यांना एकत्र निमंत्रण असल्यास त्यांचा विभाग सरन्यायाधीश, लोकसभाध्यक्ष, राजदूत आदींच्या लगत असावा, अशी टीप तालिकेत आहे. तीवरून ही अडचण कर्त्यांना जाणवली होती असे दिसते. तथापि टिपेने आक्षेपाचे निरसन होते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. सेनाप्रमुखांचे बारावे स्थान मात्र वेगळ्या विचाराचे द्योतक आहे. ब्रिटिश अमदानीत सरसेनापतीचा मान व्हाइसरॉयच्या निकट असे. स्वतंत्र भारतात सेना मुलकी सत्तेच्या अधीन आहे आणि ते आसनांच्या मांडणीतही उतरले आहे.

तरीही आसनावरून सत्तेचे माप काढणे धोक्याचे. हा क्रम राजसमारंभांपुरता आहे, शासनाच्या दैनंदिन कारभारास तो लागू नाही, असे तालिकेनेच स्पष्ट म्हटले आहे. मराठेशाहीच्या अभ्यासकाला हे नवे नाही. राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केले आणि त्याचा मान पेशव्याच्या वरचा ठेवला. पुढे सर्व सूत्रे पुण्यास गेली, तरी छत्रपतींच्या दरबारात प्रतिनिधीचा वरचा मान राहिला आणि पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली.

मानक्रम आणि शिष्टाचार यांतील भेद अलीकडे मुंबईत प्रत्ययास आला. १८ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या सत्कारप्रसंगी राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक व मुंबईचे पोलीस आयुक्त अनुपस्थित होते. प्रश्न आपल्या व्यक्तिगत मानाचा नसून लोकशाहीच्या तीन स्तंभांनी परस्परांचा आदर राखण्याचा आहे, असा सरन्यायाधीशांच्या वक्तव्याचा आशय होता. तालिकेचा येथे उपयोग नव्हता. आलेल्यांनी कोठे बसावे, एवढेच ती सांगते. कोणी यावे, हे सांगत नाही. ती उणीव राज्य शासनाला स्वतंत्र आदेशाने भरून काढावी लागली व त्यानुसार सरन्यायाधीशांना महाराष्ट्रात कायमस्वरूपी राज्य अतिथीचा दर्जा देण्यात आला.