प्रमुख नसलेला संघ, राजाने नेमलेला संघराज

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आठवण करून दिली होती. संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम बौद्ध भिक्षुसंघांना माहीत होते, असे ते म्हणाले. विनयपिटक वाचताना मला याची खूण जागोजागी पटते. संघापुढे प्रस्ताव मांडण्यासाठी ‘ञत्ति’ आहे, मत नोंदवण्यासाठी शलाका आहे. बुद्धांनी उत्तराधिकारी मात्र नेमला नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ते, असे सांगितले.

मग एखाद्या आधुनिक राष्ट्रात या संघाचा कारभार कसा चालतो? थायलंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे संघाचे कायदे देशाच्या राजकारणाबरोबर बदलत गेले.

पहिला कायदा १९०२चा, राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळातला. सयामच्या निरनिराळ्या प्रांतांत भिक्षू आपापल्या गुरुपरंपरेने चालत. राजाने प्रांत, जिल्हे यांची मुलकी उतरंड बांधली, तशीच विहारांचीही बांधली. १९३२च्या क्रांतीने राजसत्ता मर्यादित झाली आणि १९४१च्या कायद्याने संघालाही संसदेचा साचा मिळाला : जास्तीत जास्त ४५ भिक्षूंची संघसभा, संघाचे मंत्रिमंडळ आणि विनयाची न्यायालये. सभासद निवडणुकीने येत नसत, तरी सत्ता तीन ठिकाणी विभागली गेली होती.

लष्करशहा सरित थनारात यांना नेमके हेच नको होते. १९६२च्या कायद्याने सभा आणि मंत्रिमंडळ दोन्ही गेली. संघराज आणि त्यांचे महाथेर मंडळ यांच्या हाती सारे अधिकार एकवटले. महानिकायातील लोकप्रिय भिक्षू फ्रा फिमोनथम यांना त्याच वर्षी साम्यवादी ठरवून अटक झाली, त्यांचे चीवर उतरवले गेले. १९६६ साली लष्करी न्यायालयानेच त्यांना निर्दोष सोडले. चीवर देण्याचा अधिकार संघाचा; ते उतरवले मात्र शासनाच्या बळावर.

पुढे संघराजाच्या नेमणुकीवरूनच पेच उभा राहिला. २०१३ साली एकोणिसावे संघराज निवर्तले. महाथेर मंडळाने सुचवलेले नाव वादात सापडले आणि सरकारने ते राजाकडे पाठवलेच नाही. २०१६च्या अखेरीस कायदा बदलून निवड थेट राजाकडे सोपवण्यात आली; २०१७च्या फेब्रुवारीत विसावे संघराज नेमले गेले. २०१८च्या दुरुस्तीने मंडळाचे सभासदही राजाच नेमू लागला.

या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. विहारांकडे दानाचा मोठा पैसा येतो. त्यावर कुणाची तरी नजर हवीच. पण एकवटलेली सत्ता चुकांनाही दीर्घायुष्य देते. भिक्षुणी आणि श्रामणेरी दीक्षेला मनाई करणारा संघराजांचा १९२८चा आदेश आजही आड येतो. उपसंपदेसाठी थाई स्त्रियांना श्रीलंकेची वाट धरावी लागते.

विनयातली शलाका कुणाची परवानगी मागत नव्हती. बाबासाहेबांनी त्याच भाषणात बजावले होते, की ही लोकशाही भारताने एकदा गमावली आहे. गमावणे कसे घडते, ते मला थायलंडच्या या कायद्यांत दिसते : एकेक दुरुस्ती, आणि प्रत्येक वेळी शिस्तीच्या नावाने.